तज्ज्ञाचं मत कोर्टात टिकतं कशावर?

दिवाणी दाव्यातल्या तज्ज्ञ साक्षीदारांबद्दल आलेल्या पत्रांतले सात प्रश्न या वेळी घेतले आहेत. कलमांचे क्रमांक भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३चे आहेत. हा कायदा १ जुलै २०२४पासून लागू झाला. त्या तारखेआधीपासून चालू असलेल्या दाव्यांना कलम १७०प्रमाणे १८७२चाच कायदा लागू राहतो, म्हणून गरज असेल तिथे जुना क्रमांकही दिला आहे.

प्रश्न : साठेखतावरची (विक्रीच्या करारावरची) सही आपली नाहीच, असं प्रतिवादीने कैफियतीत, म्हणजे लेखी उत्तरात, म्हटलं आहे. आम्ही खासगी हस्ताक्षर तज्ज्ञाकडून अहवाल घेऊन दाव्यात दाखल केला. प्रतिवादीचे वकील म्हणतात, या कागदाला काही किंमत नाही. अहवाल तर आमच्या बाजूने स्पष्ट आहे. मग अडचण कुठे आहे?

प्रतिवादीचे वकील निम्मे बरोबर आहेत. नुसता दाखल केलेला अहवाल म्हणजे पुरावा नव्हे. अहवालात असतं ते तज्ज्ञाचं मत, आणि ते मत त्याने शपथेवर सांगून उलटतपासाला सामोरं जावं लागतं. त्यासाठी आधी त्याचं सरतपासाचं, म्हणजे तुमच्या बाजूने तो देणार असलेल्या साक्षीचं, शपथपत्र द्या (दिवाणी प्रक्रिया संहिता, आदेश १८ नियम ४), त्यातून अहवालाला निशाणी (पुराव्यातला क्रमांक) पडू द्या, मग त्याला पिंजऱ्यात उभं करा. फौजदारी खटल्यात ठरावीक सरकारी तज्ज्ञांचे अहवाल त्यांना न बोलावताही वाचता येतात (भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, कलम ३२९). ती सवलत दिवाणी दाव्याला नाही. सरकारी प्रयोगशाळेचा अहवाल आहे म्हणून साक्षीची गरज नाही, या समजुतीत बरेच पक्षकार राहतात आणि युक्तिवादाच्या दिवशी उघडे पडतात.

दुसरी अडचण अहवालाच्या आत असू शकते. कलम ३९ (जुनं ४५) तज्ज्ञाचं मत ग्राह्य धरतं, आणि ते मत कशावर आधारलं आहे हेही कलम ४५ने (जुनं ५१) ग्राह्य केलं आहे. ‘दोन्ही सह्या एकाच व्यक्तीच्या आहेत’ एवढं एक वाक्य आणि खाली शिक्का, असा अहवाल उलटतपासात दहा मिनिटंही टिकत नाही. मुरारीलाल विरुद्ध मध्य प्रदेश राज्य (१९८०) या निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की हस्ताक्षर तज्ज्ञाच्या मताला दुसरा आधार मिळालाच पाहिजे, असा काही पक्का नियम नाही. मात्र सावधगिरी हवी आणि मतामागची कारणं तपासली पाहिजेत. म्हणजे सगळं वजन कारणांचं आहे. तुमच्या अहवालात पुढच्या गोष्टी आहेत का ते पाहा : वादातली सही मूळ कागदावर पाहिली की प्रतीवर, कोणत्या तारखेला आणि कुठे, तुलनेसाठी कोणते कागद घेतले, त्यांच्या तारखा, मोठ्या केलेल्या छायाचित्रांचा शेजारी शेजारी लावलेला तक्ता, साम्य कुठे, फरक कुठे, आणि तो फरक नैसर्गिक बदल का मानला. फरकांचा उल्लेखच नसेल तर अहवाल कमकुवत समजा. कोणाच्याही दोन सह्या हुबेहूब जुळत नाहीत, त्यामुळे प्रामाणिक अहवालात फरक नोंदलेले असतातच.

तुलनेच्या सह्या हा सगळ्यात दुर्लक्षित भाग. आमच्या मते दहा-बारा निर्विवाद सह्या मिळाल्या तर काम नीट होतं. दोन-तीनवर ठाम मत देणाऱ्या तज्ज्ञाकडे जाऊच नका. सह्या वादातल्या कागदाच्या आसपासच्या काळातल्या हव्यात. वीस वर्षांपूर्वीची सही आणि आजची सही यांत वय, आजार, सवय यांचा फरक पडलेला असतो. लिपी आणि प्रकारही तोच हवा. देवनागरीतली पूर्ण सही इंग्रजीतल्या आद्याक्षरांशी ताडून काहीच सिद्ध होत नाही. सर्वांत मोठा खड्डा म्हणजे वाद सुरू झाल्यानंतरच्या सह्या. प्रतिवादीच्या वकीलपत्रावरची आणि कैफियतीवरची सही हाताशी असते, म्हणून तीच तज्ज्ञाला दिली जाते. पण तोवर त्याला ठाऊक असतं की सहीवरच दावा उभा आहे, आणि तो हवी तशी वळवून सही करू शकतो. त्याऐवजी बँकेतलं नमुना सहीचं कार्ड, जुनी नोंदणीकृत खरेदीखतं, नोकरीच्या ठिकाणचे अर्ज मागवा. त्रयस्थाकडचा कागद हवा असेल तर तो हजर करण्याचं समन्स काढता येतं (आदेश १६ नियम ६). ती सही प्रतिवादीचीच आहे हे एकतर त्याने कबूल केलेलं असावं किंवा तुम्ही शाबीत केलेलं असावं. ते झालं नसेल तर तुलनेचा पायाच राहत नाही.

मूळ साठेखत कोर्टात दाखल असेल तर ते तज्ज्ञाच्या घरी जाणार नाही. कोर्टाच्या कर्मचाऱ्यासमोर तपासणी आणि छायाचित्रण करू देण्याचा अर्ज द्यावा लागतो. दुसऱ्या बाजूला नोटीस जाते. कागद लॅमिनेट करू नका, सहीवर भोक पाडू नका, पेनाने खूण करू नका, घडी सहीवरून जाऊ देऊ नका. लॅमिनेशनखाली दाबाच्या खुणा आणि कागदाचा पृष्ठभाग नीट तपासता येत नाही.

तज्ज्ञाआधी आणखी एक दार ठोठावून पाहा. कलम ४१प्रमाणे (जुनं ४७) एखाद्याचं अक्षर ओळखणारी साधी व्यक्तीही साक्ष देऊ शकते. तिने त्याला लिहिताना पाहिलेलं असावं, त्याची पत्रं तिला येत असावीत किंवा त्याचे कागद कामाच्या ओघात तिच्यासमोर नेहमी येत असावेत. बारा वर्षं त्याच्या सह्यांची रजिस्टरं सांभाळणारा लिपिक पुष्कळदा महागड्या अहवालापेक्षा उपयोगी पडतो. आणि साठेखतावर साक्षीदार म्हणून सही करणारे हयात असतील तर पहिला मान त्यांचा.

प्रश्न : न्यायाधीश स्वतःच सह्या ताडून निर्णय देऊ शकतात ना? मग तज्ज्ञ कशाला?

देऊ शकतात, कलम ७२ (जुनं ७३) तशी मुभा देतं. पण तेवढ्यावर विसंबू नका. तिरुवेंगडम पिल्लई विरुद्ध नवनीतम्मल (२००८) या निकालात सर्वोच्च न्यायालयाने वरवरच्या नजरेने, विशेषतः पुसट अंगठ्यांची, तुलना करून निष्कर्ष काढणं धोक्याचं ठरवलं. बोटांच्या ठशांची तुलना हे वेगळं शास्त्र आहे. ठसा स्पष्ट असेल तर तिथे तज्ज्ञाचं मत सहीपेक्षा कितीतरी पक्कं असतं. नोंदणीकृत दस्त असेल तर दुय्यम निबंधकाच्या दप्तरी सहीसोबत अंगठा असतो, हे विसरू नका.

प्रश्न : मूळ पावती हरवली आहे, फक्त झेरॉक्स आहे. त्यावरून हस्ताक्षर तज्ज्ञ मत देईल का?

देणारे भेटतील, पण त्या मताचा उपयोग फार थोडा. पेन कुठे उचललं, कुठे जोर दिला, रेघ कापरी आहे की वाहती, शेवट बोथट आहे की निमुळता, शाई रेघांवरून कशी गेली, हे झेरॉक्समध्ये दिसत नाही. शिवाय एका कागदावरची सही कापून दुसऱ्यावर चिकटवून झेरॉक्स काढली तर जोड लपून जातो. (वादातली सही दुसऱ्या एखाद्या सहीवर ठेवल्यावर रेघेला रेघ तंतोतंत बसत असेल, तर खरेपणाऐवजी नक्कल किंवा चिकटवण्याचा संशय घ्यायचा असतो.)

त्याआधीचा प्रश्न असा की झेरॉक्स मुळात पुराव्यात येईल का. दुय्यम पुरावा (मूळ कागदाऐवजी प्रत) द्यायचा तर कलम ६०मधलं (जुनं ६५) एखादं कारण आधी सिद्ध करावं लागतं : मूळ कागद कोणाकडे होता, कधी हरवला, शोध कुठे घेतला, विरुद्ध पक्षाकडे असेल तर हजर करण्याची नोटीस दिली का. ‘गहाळ झाला’ एवढ्या एका शब्दावर कोर्ट परवानगी देत नाही.

प्रश्न : शेजाऱ्याने बांध कोरून आमच्या शेतात अतिक्रमण केलं. खासगी मोजणीदाराचा नकाशा दाव्याला जोडला आहे. कोर्ट कमिशनर, म्हणजे कोर्टातर्फे जागेवर जाऊन अहवाल देणारा माणूस, नेमण्याच्या अर्जावर ‘कमिशन काढून पुरावा गोळा करता येत नाही’ अशी हरकत आली. खरंच येत नाही का?

हे वाक्य बरोबर आहे, पण चुकीच्या जागी वापरलं जातं. जमीन कोणाच्या ताब्यात आहे हे शोधायला कमिशनर पाठवता येत नाही. ताबा साक्षी-पुराव्यानेच शाबीत करायचा. हद्द कुठे आहे आणि किती क्षेत्र पलीकडे गेलं हा मात्र जागेवर मोजल्याशिवाय सुटणारा प्रश्नच नव्हे. हरियाणा वक्फ बोर्ड विरुद्ध शांती सरूप (२००८) या हद्दीच्या वादात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की अशा वेळी आदेश २६ नियम ९प्रमाणे कमिशनर नेमायला हवा होता. हा आधार अर्जात लिहा, आणि मागणीही मोजणीपुरतीच ठेवा. ‘कमिशनरने ताबा कोणाचा ते पाहावं’ असं एक वाक्य घुसलं की हरकतीला बळ मिळतं.

कमिशनर शक्यतो भूमी अभिलेख खात्याचा मोजणीदार असावा. जुन्या अभिलेखांवरून हद्द बसवण्याचं काम त्याच खात्याचं आहे. आदेशात काय लिहून घ्यायचं ते नीट ठरवा, कारण पुढची बहुतेक भांडणं आदेशाच्या मोघमपणातून येतात. मोजणी दोन्ही गटांची व्हावी. फक्त वादीचं शेत मोजलं आणि क्षेत्र कमी भरलं, तर ते शेजाऱ्याकडेच गेलं हे त्यातून ठरत नाही. ते रस्त्यात, ओढ्यात किंवा दुसऱ्या बाजूच्या गटात गेलेलं असू शकतं. आधार म्हणून मूळ टिपण (जुन्या मोजणीची नोंद), फाळणीचे (वाटणीचे) नकाशे आणि गटाचा नकाशा घ्यावा. सुरुवात जागेवरच्या कायम खुणांपासून व्हावी, म्हणजे जुने हद्दीचे दगड, गावशीव, विहीर, तिठा. एका पक्षकाराने ‘हा आमचा बांध’ म्हणून दाखवलेल्या जागेपासून मोजणी सुरू केली, की पुढची प्रत्येक रेघ त्याच्या म्हणण्यावर उभी राहते. सगळ्या लगतधारकांना नोटीस मिळाल्याची पोच अहवालासोबत हवी. नकाशात वहिवाटीची रेघ आणि अभिलेखाप्रमाणे येणारी रेघ वेगवेगळी दाखवून मधला पट्टा लांबी-रुंदी आणि क्षेत्रासह रंगवलेला असावा. हा पट्टा स्पष्ट नसेल तर दावा जिंकूनही दरखास्तीत (हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीत) बेलिफाला कुठून कुठवर ताबा द्यायचा हे कळत नाही. वर्षानुवर्षं लढून हुकूमनामा हातात येतो आणि त्याची अंमलबजावणी होत नाही. हे टाळता येण्यासारखं आहे, म्हणूनच इतकं सविस्तर सांगतो आहोत.

सातबारा क्षेत्र सांगतो, जागा सांगत नाही. ‘सातबाऱ्यावर ८० आर आहेत’ हे अतिक्रमणाचा पुरावा म्हणून चालत नाही.

अहवाल आल्यावर लगेच वाचा. नियम १०प्रमाणे कमिशनरचा अहवाल दाव्यातला पुरावाच होतो आणि त्याला साक्षीला बोलावलंच पाहिजे असं नाही. पण कोर्टाच्या परवानगीने तुम्ही त्याला बोलावून प्रश्न विचारू शकता, आणि कोर्टाचं समाधान झालं नाही तर पुन्हा चौकशीचा आदेश होऊ शकतो. नोटीस न मिळणं, चुकीची खूण धरणं, अशा हरकती मुदतीत लेखी द्या. तुमच्या खासगी मोजणीदाराचा नकाशा या नियमात बसत नाही. तो वापरायचा तर त्या माणसाला साक्षीदार म्हणून आणावंच लागेल.

प्रश्न : आमच्या गृहनिर्माण संस्थेच्या इमारतीत खांबांना आणि तुळयांना तडे गेले. अभियंत्याने हातोडा चाचणी करून काँक्रीट निकृष्ट असल्याचा अहवाल दिला. विकासकाविरुद्ध भरपाईचा दावा लावायचा आहे. एवढा अहवाल पुरेल का?

पुरणार नाही. हातोडा, म्हणजे रिबाउंड हॅमर, काँक्रीटच्या पृष्ठभागाचा कठीणपणा दाखवतो. जुन्या इमारतीत हवेतल्या कार्बन डायऑक्साइडमुळे पृष्ठभाग आणखी कडक होतो आणि आकडा फुगतो. ओल, गिलावा, हातोड्याचा कोन यांनीही तो बदलतो. कुठे खोलात तपासायचं हे शोधायला ही चाचणी उत्तम आहे. ताकद ठरवायला कोअर, म्हणजे काँक्रीटमधून कापून घेतलेले गोल नमुने, काढावे लागतात. आयएस ४५६ : २००० या मानकाप्रमाणे कोअर तीनपेक्षा कमी चालत नाहीत, त्यांच्या घन-ताकदीची (घनाकार ठोकळ्याच्या हिशेबाने काढलेल्या ताकदीची) सरासरी ठरलेल्या श्रेणीच्या किमान ८५ टक्के यावी आणि एकही कोअर ७५ टक्क्यांखाली नसावा. एम २५ काँक्रीट (ठरलेली ताकद २५) असेल तर सरासरी २१.२५ आणि प्रत्येकी १८.७५ न्यूटन प्रति चौरस मिलिमीटर. या आकड्यांशी तुलना करून लिहिलेला अहवाल कोर्टाला तपासता येतो. ‘निकृष्ट’ हा शब्द तपासता येत नाही.

कोअर काढण्याआधी विकासकाला लेखी नोटीस द्या आणि त्याच्या अभियंत्याला हजर राहू द्या. तुमच्याच माणसांनी सोयीच्या जागा निवडल्या, हा आक्षेप तिथेच संपतो. सळई कापली जाऊ नये म्हणून आधी यंत्राने तिची जागा शोधा. प्रत्येक कोअरवर क्रमांक, मजला, खांबाचा क्रमांक, तारीख, दोन्ही बाजूंच्या सह्या, जागेचा फोटो, प्रयोगशाळेची पोच. साखळीतला एक दुवा तुटला की तपासलेला नमुना तुमच्याच इमारतीचा होता हे शाबीत करणं अवघड होतं. साक्षीला कोअर काढणारा, चाचणी करणारा आणि निष्कर्ष काढणारा अभियंता असे तिघे वेगळे असतील तर कोणाला कशासाठी बोलावायचं हे आधी ठरवा.

अभियंत्याने तड्यांचं कारणही सांगितलं पाहिजे. तडा पाया खचल्याने, सळई गंजल्याने, तापमानाने की रहिवाशांनी भिंत पाडल्याने गेला, हे प्रश्न उलटतपासात येणारच. इतर कारणं का नाकारली हे अहवालात नसेल तर भरपाईचा आकडा हवेत राहतो.

सगळ्यात कळीची चूक म्हणजे आधी दुरुस्ती आणि मग दावा. दुरुस्ती झाली की पुरावा प्लास्टरखाली गेला. इमारत धोकादायक असेल आणि थांबता येत नसेल तर दावा लावल्याबरोबर आदेश ३९ नियम ७खाली तपासणी, जतन आणि नमुने घेण्याची परवानगी मागा. वैज्ञानिक तपासणीसाठी कोर्टाकडूनच तज्ज्ञ नेमून हवा असेल तर आदेश २६ नियम १०-अ आहे. कोर्टाने नेमलेल्या तज्ज्ञाचं मत तुमच्या विरुद्ध गेलं तर ते पुसून टाकणं कठीण असतं, एवढं लक्षात ठेवून अर्ज करा.

प्रश्न : व्यवहाराचे सगळे मेसेज व्हॉट्सॲपवर आहेत. स्क्रीनशॉटच्या प्रिंट दाखल केल्या तर चालतील?

इलेक्ट्रॉनिक नोंदीची प्रत कोणत्या साधनातून कशी काढली हे सांगणाऱ्या प्रमाणपत्राशिवाय नाही. अर्जुन पंडितराव खोतकर विरुद्ध कैलास किशनराव गोरंट्याल (२०२०) हा जालन्याच्या निवडणूक वादातून आलेला निकाल यासाठी पायाभूत आहे : प्रत दाखल करायची तर प्रमाणपत्र सक्तीचं; मूळ फोनच मालकाने कोर्टात हजर करून साक्ष दिली तर त्याची गरज नाही; आणि ज्याच्याकडे साधन आहे तो प्रमाणपत्र देत नसेल तर कोर्टाकडे अर्ज करता येतो. निकाल जुन्या कलम ६५-ब वरचा आहे. नव्या कलम ६३मध्ये प्रमाणपत्राचे दोन भाग झाले : भाग अ साधनाची जबाबदारी असलेल्याने आणि भाग ब तज्ज्ञाने सही करायचा. त्यात साधनाचा मेक, मॉडेल, अनुक्रमांक, आयएमईआय (फोनचा ओळख क्रमांक) आणि फाइलची हॅश व्हॅल्यू, म्हणजे फाइलच्या मजकुरावरून संगणकाने काढलेला ओळख-संकेत, लिहायची असते. फाइलमध्ये एक अक्षर बदललं तरी हॅश बदलते. म्हणून आधी संपूर्ण संभाषण निर्यात करा, त्या फाइलची हॅश काढा, ती फाइल पुन्हा उघडून जतन करू नका. तुमच्या सोयीचे चार मेसेज निवडून दिले तर बाकीचे कुठे गेले, हा पहिला प्रश्न येईल. दावा संपेपर्यंत फोन विकू नका, रीसेट करू नका.

प्रश्न : वडिलांच्या मृत्युपत्रावरची सही भावाने नाकारली आहे. हस्ताक्षर तज्ज्ञ नेमावा का?

आधी मृत्युपत्रावरचे दोन साक्षीदार कुठे आहेत ते सांगा. भारतीय उत्तराधिकार अधिनियम, १९२५च्या कलम ६३प्रमाणे मृत्युपत्राला किमान दोघांचं साक्षांकन (साक्षीदार म्हणून सही) लागतं, आणि साक्ष्य अधिनियमाचं कलम ६७ (जुनं ६८) सांगतं की त्यातला एक तरी हयात आणि साक्ष देण्याजोगा असेल तर त्याला बोलावल्याशिवाय मृत्युपत्र पुराव्यात वापरता येत नाही. नोंदणीकृत असलं तरी ही अट सुटत नाही. तज्ज्ञाने सही शंभर टक्के खरी ठरवली तरी साक्षांकन शाबीत होत नाही, कारण तज्ज्ञ त्या दिवशी तिथे नव्हता. साक्षीदाराकडून दोन गोष्टी वदवून घ्याव्या लागतात : वडिलांनी आपल्यासमोर सही केली किंवा सही आपली असल्याचं आपल्याला सांगितलं, आणि आपण वडिलांसमोर सही केली. दुसरी गोष्ट सरतपासात राहून गेल्यामुळे मृत्युपत्रं अडकतात. साक्षीदार वयस्क किंवा आजारी असेल तर त्याची साक्ष लवकर आणि गरज पडल्यास घरी कमिशनमार्फत घेण्याचा अर्ज आजच द्या. तज्ज्ञाचा विचार त्यानंतर. वादमुद्दे निघाल्यावर साक्षीदारांची यादी पंधरा दिवसांत द्यायची असते (आदेश १६ नियम १), तिच्यात दोन्ही साक्षीदारांची नावं आधी लिहा आणि तज्ज्ञाचं नावही आत्ताच घाला. मागाहून नाव घालायचं तर यादीत आधी का नव्हतं याचं कारण कोर्टाला पटवावं लागतं.